खडा

तेंदूच्या बोनसचे पैसे आले
आणि गाव गोटुलात बसलं.
ठराव एवढाच होता:
शेकड्यामागे तीस रुपये कापायचे,
त्यातून शाळेला दुसरा मास्तर ठेवायचा.

पहिला मास्तर आहे.
चार वर्ग, एक खोली, तो एकटा,
आणि महिन्यातले सहा दिवस तालुक्याला, कागद घेऊन.
त्या दिवशी शाळा माझ्यावर.
मी खिचडी शिजवते. पाढे मला सातापर्यंत येतात.
सातानंतर मी म्हणते, जेवा.

केजूराम दर्रो उठला.
"शाळा सरकारची. मास्तर सरकारचा.
मंग पैसा काहून आमचा?
आज मास्तर आमी देऊ, उद्या फळा आमी, परवा छत आमी.
मंग सरकारनं काय नुसता झेंडा द्यावा?"
लोक हसले.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

बिरजाबाई हिचामी बसूनच बोलली.
"फळीवाल्यानं पावतीत ऐंशी लिवले होते.
माह्या नातवानं वाचलं: आजी, पुडे तर शंभर.
ते वीस पुडे कोणत्या सरकारनं वाचवले,
सांग ना बापा."

मागून कोणी तरी:
"माहं तं एकही पोट्टं शाळेत नाही. मी काहून देऊ?"
"तुह्या घरी मयत झाली तं गाव येते ना?"
"मयतीची गोठ येथं काढू नको."
मग मयतीवरच अर्धा तास गेला.
मग बोअरच्या मोटारीवर.
मग तालुक्याहून येणाऱ्या पिवळ्या गाडीवर,
जिच्यात गावातली चार पोरं टाय लावून बसतात
आणि उरलेली तिच्यामागं धावतात, वळणापर्यंत.

हात वर करा म्हटलं,
तर वर जायच्या आधी हात
दुसऱ्यांचे हात बघत होते.
नवऱ्याचा गेला की बायकोचा.
अध्यक्ष म्हणाला, असं नाही. गुपचूप टाका.
टोरी म्हणजे हो. खडा म्हणजे नाही.
आणि भांडं?
भांडं गावात एकच एवढं मोठं, शाळेचा गंज.
मी आणला. उपडा करून दाखवला. रिकामा.

आता माझं सांगते.
माझे चौतीस शेकडे.
हिशेब मनिरामनं करून दिला, चौथीतल्या,
काडीनं मातीवर: हजार वीस रुपये जातील, मावशी.
माझी लेक नर्सिंगला लागली आहे.
हॉस्टेलच्या अनामतीला हजारच कमी पडत होते,
आणि सोमवार शेवटचा.
याच गंजातलं खाऊन शिकली तीही.
डाव्या मुठीत टोरी होती माझ्या, उजव्या मुठीत खडा.
रांग पुढं सरकत होती.
मी उजवी मूठ आत घातली.
आवाज झाला तेवढासा,
जर्मनचं भांडं, आवाज होतोच.

टोऱ्या चौसष्ट.
खडे त्रेपन्न.
माणसं एकशे अठरा.
दोनदा मोजलं. एक मत कमीच.
केजूराम म्हणाला, कोणीतरी मूठ घरी घेऊन गेला.
असू द्या, म्हणाला अध्यक्ष, ठराव पास.
बिरजाबाईनं माझ्याकडं बघून मान हलवली,
जशी आपल्या माणसाकडं बघून हलवतात.
मीही हलवली.

सकाळी उशीर झाला होता.
गंज विसळला घाईत.
तांदूळ मात्र निवडले नेहमीसारखे, दोनदा.
बुडाशी एक पोच आहे जुना,
त्यात मागची खरवड अडकून राहते,
हे मला ठाऊक होतं,
माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मनिराम जेवता जेवता थांबला.
तोंडात बोट घातलं.
"मावशी, खडा."
मी हात पुढं केला.
त्यानं तळहातावर ठेवला,
डाळीनं पिवळा, कोमट.

चौपन्न, मी म्हणाले.
"काय?"
काही नाही.
जेव.