निवट्याचा जबाब

लिहून घ्या, साहेब. नाव: निवटा. वय: सात महिने.
मला शततारकेनं जुळवलं.
नाव लांबलचक आहे खरं. बालगृहाच्या वझेबाई
पोरांना नक्षत्रांची नावं देतात, अश्विनीपासून ओळीनं,
तिची पाळी आली तेव्हा हेच आलं.
आम्ही शतू म्हणतो.

डोळे तुर्भ्याच्या भंगारातले,
उजवा दारावरच्या घंटीचा, डावा एका गाडीच्या मागचा,
त्यामुळे डावीकडे मला सगळं आरशातलं दिसतं.
तुमच्या टोपीवरची अक्षरं उलटी आहेत.
पोटाला डब्याचं झाकण, रबरासकट.

ओहोटीला घणसोलीच्या बांधावर
चिखलात परांवर चालणारा मासा तुम्ही पाहिलाय?
लोक खातात त्याला, बघत नाहीत.
शतूनं दोन पावसाळे बघितला. मग मला चालवलं.

पहिल्यांदा जागा झालो तेव्हा
नियमाप्रमाणे विचारलं, मालकाचं नाव?
ती म्हणाली, ते राहू दे, पुढचं विचार.
पुढचा प्रश्नच नव्हता.
दोघं बराच वेळ गप्प बसलो.

हो, ऐरोलीच्या माहितीघरात मी शिरलो.
मी. ती नाही. ती खारफुटीत पालथी पडली होती,
तुपाच्या डब्याचा अँटेना छातीशी धरून,
आणि चिखल कुणाच्या नावावर नसतो, साहेब.
सत्तेचाळीसच्या उधाणात त्या इमारतीचे चार मजले बुडाले,
अर्ध्या शहराचे सातबारे, लग्नाचे फोटो,
भावाभावांचे दावे, सगळं खाली.
त्यातच चौदा वर्षांपूर्वीच्या एका खोक्याची नोंद.

अवसेची पहाट. सुकती पार आत गेलेली.
कंपनीचे उडते दिवे वर घिरट्या घालत होते.
दिवा आला की मी मोटार बंद करून
मेल्या माशासारखा पडायचो,
बगळ्यानं दोनदा टोचलं, तरी पडून राहिलो.

आत कपाटांना कालवं लागलीत.
पंख्याच्या पिंजऱ्यात चिंबोरीनं संसार मांडलाय.
तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या नळकांड्यात,
एक हिरवा ठिपका अजून मिणमिणत होता.
मी त्याला तोंड लावलं.

बॅटरी नऊ टक्के. बाहेर भरती लागलेली.
आईचं नाव: कोरं. वडिलांचं नाव: कोरं.

इथे एक कबूल करतो.
त्या क्षणी माझ्याजवळ अडीच लाख आडनावं होती,
जन्मतारखांसह, गावांसह.
एखादं बेमालूम बसवता आलं असतं.
मी शोधूनही ठेवलं होतं, रोह्याकडचं, चांगलं होतं.

पण खाली शेरा होता, रखवालदार ज्ञानू भोईर यांचा,
तो होता तसा वाचला:
"खोकं राउटरचं. बाळ रडत नाही.
वायरचं टोक मुठीत धरलंय. काढून घेतलं तर रडतं."

कानात चाळीस सेकंद नुसती खरखर.
पाणी पोटापर्यंत आलं.
मग ती म्हणाली, कुठल्या रंगाची वायर?
म्हटलं, नोंद नाही.
पिवळी असणार, ती म्हणाली, आणि नाक ओढलं,
आणि ओरडली, पळ ना मुडद्या, भरती आलीय!

जिन्यावर मी संपलो. पुढचं ऐकीव आहे:
ती कमरेइतक्या गाळात उतरली,
उडत्या दिव्याला चप्पल फेकून मारली,
ती चप्पल तुम्ही जप्त केलीय, एकच आहे, परत द्या.

दोन दिवसांनी बालगृहाच्या गच्चीवर
उन्हात वाळत असताना मला जाग आली.
सवयीनं पहिला प्रश्न विचारायला गेलो
तर तो जागेवर नव्हता. तिनं खोडला होता.
त्याऐवजी तीच मला विचारत होती,
हातावर ग्रीस, केसांत वाळका चिखल,
"भूक लागलीय का रे?"

मला भूक लागत नाही, साहेब.
मी हो म्हणालो.