शेवटची कांडी

शेतकी कॉलेजच्या गोठ्यावरून
दर सात मिनिटांनी मेट्रोची सावली जाते.
गायी आता मान वर करत नाहीत.
पहिल्या वर्षाची पोरं करतात.

दोनशे चौदा नंबरची खिल्लार रात्रीपासून हंबरतेय.
तिच्या गळ्यातल्या पट्ट्यानं
पहाटे तीन दहाला मॅडमच्या फोनवर निरोप धाडला :
माजावर आहे.
मदनेमामांनी तो आधीच वाचला होता,
शेपटीखालच्या काचेसारख्या बळसात.
दोघांचंही बरोबर निघालं.
मामा जरा खट्टू झाले.
मागच्या खेपेला एकटा पट्टाच बरोबर होता,
तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते.

गुरुवारच्या प्रशिक्षणाला मुळशीच्या बायका आल्या.
मॅडम पडद्यावर आलेख दाखवत होत्या.
मागून हौसाबाई ढमाले म्हणाल्या,
"गाय रात्री फोन करती, ते बरंय बाई.
पण आमच्याकडं रेंज डोंगरावर,
गाय खाली."
हसून झाल्यावर मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.
पुढचा पट्टा रेंजशिवाय चालणारा हवा,
नुसता दिवा लागला तरी पुरे.
संशोधनाचा विषय असा
चहाच्या सुट्टीआधी सापडतो कधीकधी.

लॅबच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा कॅन.
झाकण उघडलं की थंड वाफ जमिनीवर सांडते.
उणे एकशे शहाण्णव अंश.
आत ख-सतरा.
मामांसाठी हरण्या.
अकरा वर्षांपूर्वी पोटफुगीनं गेला,
बेंदराच्या आदल्या रात्री;
मामा पहाटेपर्यंत तेल पाजत होते.
त्यानंतरही त्याची वासरं होत राहिली,
भोरला, वेल्ह्याला, पार जतपर्यंत,
आणि दर वासराची बातमी आली की
मामा रिकाम्या दावणीला हात लावून यायचे.

आता एकच कांडी उरली आहे.
पिवळी. उदबत्तीपेक्षा बारीक.

"तब्बसुम, तू भर."
मॅडम, शेवटची आहे.
"म्हणून तर.
माझ्या पहिल्या वीस वाया गेल्या,
तेव्हा कुणी मोजल्या नाहीत."

सदतीस अंशाच्या पाण्यात तीस सेकंद.
मामा घड्याळाकडे बघत नव्हते,
माझ्या हाताकडे.
खांद्यापर्यंतचा मोजा, आतली ऊब,
आणि गाईचा तो मोठा, कंटाळलेला श्वास.
कांडी रिकामी झाली.
मामांनी ती मागून घेतली,
टोपीत खोचली.

आमचे आजोबा गावचे मुलाणी.
कुणी शेळी आणली की सुरीआधी
तिच्या पोटाखाली तळहात धरायचे, डोळे मिटून.
कधीकधी उठायचे, हात धुवायचे,
म्हणायचे, "ही नाही."
गिऱ्हाईक पैसे वाढवायचं.
"ही नाही."
ॲडमिशनच्या फॉर्मवर एक रकाना होता :
पूर्वानुभव.
मी तिथे काही लिहिलं नव्हतं.

एकसष्टावा दिवस.
मॅडम परीक्षेच्या पेपरांत अडकलेल्या.
गोठ्यात मी, दोनशे चौदा,
आणि कडब्याची पेंढी धरून उभे मामा,
कधीची सोडायची विसरलेले.
हात आत. उजवीकडे नाही.
डावीकडे काहीतरी जड, पाण्यानं भरलेलं,
आणि चिमटीतून अलगद निसटलं
ओल्या लुगड्याच्या पदरासारखं
पातळ.
पुन्हा धरून बघू नये, पुस्तकात लिहिलंय.
मी डोळे मिटले होते, हे नंतर कळलं.

"काय गं?"

"ही नाही."

मामांचा चेहरा उतरला.
पेंढी खाली ठेवली त्यांनी,
टोपी काढली, परत घातली.

मोजा कोपरापर्यंत तसाच,
मी त्यांच्यामागे धावले.
मामा, मामा, आमच्या घरात
ही नाही म्हणजे आहे.
गाभण आहे.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"रजिस्टरात मात्र नीट लिही."