सात नंबर

एल्डन रिटायर झाला, टेबल रिकामं करून गेला.
मला दिली एक मोजपट्टी, अर्धा डबा कॉफी
आणि एक फोटो, त्यात बर्फ इतका
की आधी काहीच दिसत नाही.
मग हळूहळू धुराडं.
मग कपाळावरचा दिवा.
मग फावड्याला टेकून एक माणूस,
मिशीत बर्फ, डोळ्यांत राग :
एल्डनचा आजा, फायरमन.

इंजिन नंबर सात. चार चाकं लहान, सहा मोठी.
दुसऱ्या कुठल्या कंपनीनं वापरून विकलेलं.
रूळ एकूण चाळीस मैल,
एका टोकाला कोळशाची खाण, दुसऱ्या टोकाला धक्का,
मधे बटाटे आणि दुधाच्या बरण्या.
मराठीत इंजिन 'ते'. एल्डन 'ती' म्हणायचा.
पुढं पुढं मीही व्याकरण सोडलं.

मी सित्रा बेटावर, पाण्याच्या प्लांटात, बॉयलरला.
समुद्र आत येतो, वाफ होतो,
गोडा होऊन नळाला जातो.
रात्रपाळीत फोटो टेबलाच्या काचेखाली.
एवढा बर्फ मी फक्त मासळीबाजारात पाहिलाय.

वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात, नॅरोगेजला.
'इंजिनं बंद झाली' असं कुणी म्हटलं
की जेवता जेवता हात थांबायचा.
"बंद नाही होत. थंड होतं."

तर पितळ जमवायला लागलो.
भंगारातले व्हॉल्व्ह, फुटक्या मीटरची खोळ.
कंडेन्सरची जुनी नळी जासिमनं दिली
रीतसर गेटपाससकट,
कारणाच्या रकान्यात लिहिलं : रेल्वेसाठी.
पहारेकऱ्यानं दोनदा वाचलं.
या देशात रेल्वे नाही.

चाकं कुंजुमोननं लेथवर काढली.
सहावं तीनदा बिघडलं, तीनदा त्यानं मलाच शिव्या दिल्या.
दीड वर्ष गेलं, शुक्रवारी शुक्रवारी.

मधे एल्डननं फोनवर सांगितलं :
एकदा खिंडीत अडकली. पाणी संपलं.
उतारू पाच आणि एक वासरू.
सगळे उतरले, टेंडरमधे बर्फ भरायला लागले,
फावड्यानं, बादलीनं, एक बाई तर टोपीनं.
ढीगभर बर्फाचं तांब्याभर पाणी.
पहाटे हलली.
मी म्हटलं, आमची समुद्र पिते, तरी कुठं जात नाही.

कॅम्पमागच्या सिमेंटवर साडेतीन मीटर रूळ.
स्पिरिटची बत्ती लावली.
वीस मिनिटं काही नाही.
मग ठिबकली. मग खोकली.
मग निघालीच,
कुंजुमोन शेवटाला पाय आडवा लावून उभा.

शिट्टी दिली.
फोनमधे एल्डन, त्याच्याकडे अजून सकाळ.
"उंच लागली," म्हणाला. "तिची खाली होती."

तुला कसं माहीत? तू जन्मायच्या आत रूळ उपटले होते.

जरा वेळ नुसती खरखर.
मग त्यानं तोंडानं काढून दाखवली.
आजा काढायचा म्हणे, स्वयंपाकघरात,
रोज, चहा उकळेपर्यंत.
सत्तरीचा माणूस, ओठ गोल करून,
हूऽऽऽ, आणि मागून एक अर्धी हू.

मी शिट्टीची नळी काढली,
अर्धा इंच वाढवली, डाग दिला.
"अजून."
अजून वाढवली. बोट भाजलं.
रात्री नऊला पुन्हा वाफ धरली.

या वेळी तो काहीच बोलला नाही.
जासिमचा नातू आजोबाच्या थोबाला लटकला.
आणि गेटवरचा पहारेकरी केबिनबाहेर येऊन
रस्त्याच्या कडेला थांबला,
आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे,
आणि तरी ओलांडेना.