शेजार

बेकर्सफील्डच्या पूर्वेला, जिथे तेलाचे पंप
रात्रभर माना डोलावतात,
तिथे माझं गॅरेज. गाडी बाहेर, उन्हात.
आत अकरा पेट्या, अकरा किंगस्नेक,
प्रत्येक झाकणाला दोन कड्या.
एकीवर मी विसंबत नाही.

ओडेल आला. वय नऊ. हातात उशीचा अभ्रा,
तोंडाशी गाठ मारलेला,
आत काहीतरी हळूच कूस बदलणारं.
"दुसरा आणला," म्हणाला, "पहिल्याला एकट्याला करमत नाही."
बाबांनी घेऊन दिला होता, फ्रेस्नोच्या बाजारातून,
ते वेगळे राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी.

मी अभ्रा तळहातावर तोलला.
म्हटलं, बस.

करमणं ही आपली गोष्ट आहे, पोरा.
ह्यांना ऊब लागते, अंधार लागतो,
कलंडणार नाही असं पाण्याचं भांडं,
अंग चोरून शिरता येईल अशी बुचाच्या सालीची ढोली,
आणि आठवड्याला एक उंदीर, कोमट पाण्यात वितळवलेला.
संपली यादी.
हा रानात रॅटलस्नेकसुद्धा गिळतो, विषासकट.
भाऊ तर त्याला
हातातोंडाशी आलेला घास.

"पण दुकानात दोघं बिलगून बसले होते."

बसतात. पेटीतला उबदार कोपरा एकच असतो.
दोघांनाही तोच हवा असला
की काचेबाहेरून प्रेम दिसतं.

मग मी त्याला ते सांगितलं
जे सांगायला मला आवडत नाही.
त्या हिवाळ्यात धुकं एवढं दाट होतं
की समोरची बदामाची बाग आठवडाभर दिसली नव्हती.
एकाच विणीचे दोन भाऊ,
काळा पट्टा, पांढरा पट्टा, काळा, पांढरा,
मलाच ओळखू यायचे नाहीत.
मी एका पेटीचे पैसे वाचवले.
चार महिने गुण्यागोविंदानं गेले.
पाचव्यात एका सकाळी दिवा लावला, तर एकच होता,
नेहमीपेक्षा रुंद,
आणि त्याच्या तोंडाबाहेर बोटभर शेपूट,
अजून हलणारं.

भाऊबंदकी नव्हती ती. रागही नव्हता.
भूक होती, आणि समोर
उंदराच्या वासाचं काहीतरी सरकत होतं.
पेटी माझी होती.

ओडेल बराच वेळ पंपाचा आवाज ऐकत राहिला.
"मग कायमच वेगळे?"
वसंतात कधी नर-मादी भेटवते,
दोघांना आधी पोटभर खायला घालून.
मी स्टूल टाकून बसते, आकडी हातात,
चहा गार होतो तरी उठत नाही.
मग ज्याची त्याची पेटी.
तुझे दोघे बहुतेक नरच आहेत. तो प्रश्नच नाही.
मध्ये पुठ्ठा लाव. चिमटे वेगळे ठेव.
एकाला भरवलंस की हात धू,
मगच दुसऱ्याला हात लाव.

"म्हणजे दोन घरं," तो म्हणाला,
"माझ्यासारखी. पण त्यांना जावं-यावं लागत नाही."

ह्यावर मला काही सुचलं नाही.
फळीवरून जुनी पेटी काढली,
एका कोपऱ्याला चीर, तिच्यावर चिकटपट्टी.
तो पुसत बसला. मग विचारलं,
मंगळवारी आईकडे कुठला ठेवायचा, जुना की नवा?
आणि लगेच स्वतःच म्हणाला, राहू दे, सांगू नका.

पेटी त्याच्यापेक्षा रुंद. रस्ता ओलांडताना
नुसते पाय दिसत होते.
पलीकडे पोचून ओरडला,
"कड्या दोन ना?"

दोन, मी म्हटलं.