डावं-उजवं

पोर्तोच्या चढावर, फुलांच्या गल्लीत
माझं दुकान तीन हात रुंद.
नवं काही विकत नाही. तुटलेलं जोडते, सैल झालेलं आवळते,
आणि गिऱ्हाईक आत आलं
की आधी कान बघते. चेहरा नंतर.

फेलिश्मिनाबाईंच्या पाळ्या ओघळलेल्या,
भोकांच्या झालेल्या चिरा.
डबी ठेवत म्हणाल्या, नातीचं लग्न आहे.
ईरियाला लोंबणारं काही नको.
नुसते खडे कर, टी-शर्टवर चालतील असे.

हा जोड मला ठाऊक होता.
माझ्या गुरूच्या वहीत, त्याच्या गुरूच्या वहीत
याचे चार जन्म लिहिलेत.

आले ब्राझीलहून, नदीच्या गाळातून.
ज्यांनी वेचले त्यांच्या कानांत काय होतं
ते वहीत नाही.
तेव्हा तीन-तीन थेंबांचे झुबके, वर चांदीची गाठ,
पाठ बंद, आत वर्ख.
घडवले होते मेणबत्तीसाठी, दिवसा मुके.
आणि इतके जड
की रेशमी दोऱ्यानं केसांना टांगायचे.

थेंब गेले. एक हुंड्यात, दोन कोर्टात,
बाकीच्यांचं कुणी बोलत नाही.
उरलेल्या दोघांची पाठ उघडली, उजेड आरपार झाला,
झोपतानाही काढू नयेत असे झाले.
फ्रेंच बायका त्यांना म्हणत झोपाळू.
मग मळसूत्र, कारण कुणा बापाला
पोरीचे कान टोचणं रानटी वाटलं.
मग चिमटा. नाचताना एक सरबतात पडला.

मी दोन्हींवर श्वास सोडला. आमची जुनी पारख.
उजव्यावरची वाफ टिचकीसरशी गेली.
डाव्यावरची रेंगाळली.

मान वर केली नाही मी.
त्रेसष्टच्या पानावर होतंच, गुरूच्या किरट्या अक्षरात:
डावा काढला. काच बसवली. बोलू नये.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.
"एकोणीस वर्षांची होते. अदेलीनुला
बंदूक देऊन अंगोलाला धाडणार होते.
डोंगरातून स्पेन, पुढे फ्रान्स, आणि वाटाड्याला पैसे आधी.
आईला सांगितलं नाही. त्यालाही नाही.
त्याला वाटलं, मामानं दिले.
मरेपर्यंत दर नाताळात मामाला चीज पाठवायचा.
मामा खायचा.

साठ वर्षं फोटोत उजवी बाजू पुढे केली मी.
लोक म्हणायचे, हिची मान आखडते."

मी म्हटलं, जोडीला दुसरा हिरा शोधू?
"नको. हिऱ्याच्या मागं लागायचं नाही
असा तेव्हाच कानाला खडा लावलाय.
काचेचा."

आणि ईरियाला?
"तूच सांग. सोनारानं टोचलं की कमी दुखतं."

शुक्रवारी ती आली. केस बारीक कापलेले,
नर्सचे बूट, एका कानात चार भोकं.
सांगितलं. ती गप्प.
मग म्हणाली, यातला कुठला कुठला?
नुसत्या डोळ्यांनी मलाही डावं-उजवं करता येत नाही, म्हटलं.
श्वास सोड.

हिरा लगेच विसरला.
काचेवर तिचा श्वास थांबून राहिला,
तो जाईस्तो तीही थांबली.

"हा डावीकडे," म्हणाली,
"फोन मी त्याच कानाला लावते."