सात अणूंची भिंत

येकातेरिनबुर्ग, जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
रुफिना गालेयेव्हना हातमोजे काढते,
चिमट्याने उचलते नखाएवढा चकचकीत तुकडा:
लोखंड, क्रोमियम, लोखंड, क्रोमियम, लोखंड.
कांद्याच्या पापुद्र्यानेही लाजावं इतके पातळ थर.

मधली भिंत क्रोमियमची, सात अणू जाड.
अलीकडच्या लोखंडाचं तोंड उत्तरेला,
पलीकडच्याचं दक्षिणेला.
छत्तीसचा आकडा.
पण तीन आणि सहा पाठ फिरवूनही
शेजारी उभे राहतात, म्हणून तर छत्तीस होतात.
भिंतीतून इलेक्ट्रॉन ये-जा करत राहतात,
इकडचं तिकडे सांगत.

द्रव हेलियम तळघरातून येतं.
तळघरात ग्लेब. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तिचा नवरा.
पिंपावर खडूने लिहिलेलं असतं: 'अठरा लिटर',
आणि खाली, कधीतरीच, 'झाकण सैल आहे'.

दहा केल्व्हिन.
चुंबकाचा जोर वाढवत न्यावा लागतो, अजून, अजून,
तेव्हा कुठे दोन्ही थर एका दिशेला वळतात.
आणि जोर काढला, की पुन्हा आपापल्या जागी,
पाठीला पाठ.
शंभरला थोडा कमी जोर पुरतो. दोनशेला आणखी कमी.
तीनशेला, म्हणजे चहा पितो त्या खोलीच्या तापमानाला,
फारशी ओढाताण न करता ऐकतात.
उष्णतेने लोखंडाचे अणू डगमगतात,
निरोप्यांची पावलं अडखळतात,
सांगणं तेच असतं, पोचतं पुसट.

ऊब म्हणजे जवळीक, हे कुणी ठरवलं?
ती वहीत बिंदू मांडते. रेघ उताराला लागते.
पेन्सिलीचं टोक मोडतं.

वाफ झालेलं हेलियम फुकट घालवत नाहीत.
नळीतून ते परत तळघरात जातं,
छताला टांगलेल्या रबरी पिशवीत.
पिशवी भराभर फुगली,
की ग्लेबला कळतं, वर आत्ताच पिंप ओतलं.
हळूहळू फुगली, तर ती स्थिर तापमानावर मोजत बसलीय.
फुगायची थांबली, की घड्याळ न बघता
तो कोट चढवतो.

आज थांबली पावणेदहाला.
इमारतीला फाटकं दोन.
ती पुढच्याने निघते, तो मागच्याने.
बाहेर उणे चौतीस.