सरळ

कॉलेजच्या भंगारयादीत अनुक्रमांक सतरा,
मोडक्या पंख्याच्या वरची ओळ: दुर्बीण, एक नग.
सहाशे रुपये भरून मी ती ऑटोत आडवी घातली,
तांडापेठेत आणली, गच्चीवर उभी केली.

रात्रीपर्यंत धीर कुठला.
संक्रांतीचा आदला दिवस, टळटळीत दुपार,
कोराडीच्या चिमण्यांवर नळी रोखली:
चिमण्या आभाळातून लोंबत होत्या,
धूर खाली सांडत होता.
पतंग तळाशी, मांजा वर,
गच्च्यांवरची पोरं वटवाघळांसारखी टांगलेली
आणि "ओ काट!" मात्र सरळच ऐकू येत होतं.
एक कटलेला लाल पतंग
डुलत डुलत वर पडला.

"बिघडली काय जी?" पराते बाईंनी विचारलं.
बिघडली नव्हती.
ताऱ्याला डोकं नसतं, पाय नसतात;
त्याला उभं करायला आणखी भिंगं घालून
उजेड कोण वाया घालवेल?
लॅबमध्ये तेवीस वर्षं सर हे मुलांना सांगत आले,
मी बाजूला उभी, हातात मेणबत्ती,
समोर पडद्यावर ज्योत खाली मान घालून.

बाबा कठडा धरत वर आले.
डोळा लावला. हसले नाहीत.
"पदर आमी असाच विनला जनमभर.
नक्षी खाली, गाठी वर.
खालून आरसा धरला का मोर दिसे.
आरसा लाव."

यादीत नसलेला, खोक्याच्या तळाशी सापडलेला
काटकोनी आरसा लावला.
चिमण्या उठून उभ्या राहिल्या. धूर ठिकाणावर आला.
पण सोनकुसरे किराणा भांडार
उजवीकडून डावीकडे चालू लागलं,
त्यांचा डावखुरा धाकटा
उजव्या हाताने साखर तोलू लागला.
"मोराची मान बी अशीच फिरे," बाबा म्हणाले,
"आमी मनातच परतवू."

मला मनात परतवता येईना.
कोलकात्याहून प्रिझम मागवला,
पाठीला छपरासारखी कड असलेला,
दुर्बिणीच्या दुपटीहून महाग.
तो आला तेव्हा संक्रांत होऊन पंधरा दिवस झालेले.
पतंग संपले होते. फक्त तो लाल,
वर पडलेला,
खांबाच्या तारेवर, शेपटी खाली, कामट्या उघड्या.
किराणा वाचता आलं. डावा हात डावा झाला.
बाबांनी खूप वेळ पाहिलं, चष्मा कपाळावर ढकलून.
"आता तं नुसतं दिसते," म्हणाले.

रात्री प्रिझम काढून ठेवला.
थोडा उजेड खातो तो,
आणि त्याची कड गुरूच्या तोंडावर रेघ ओढते.
चंद्र जसा सापडला तसाच राहू दिला.
बाबा वाकले, डोळा लावला,
आणि त्यांचा हात आपोआप नळीखाली गेला,
काहीतरी धरायला,
मग रिकामाच मागे आला.